कामिरिथूचे नाटक आणि मराठीत पोचणारी आफ्रिका

धागाकर्ता : सह्यसावली

केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो २८ मे २०२५ रोजी वारले. त्यानंतर माझ्या वाचनात आलेल्या मराठी मजकुरात त्यांची ओळख बहुतेक ठिकाणी नोबेल पारितोषिक न मिळालेला मोठा लेखक अशीच करून दिलेली होती. आमची किंमत युरोपने का ठरवावी, या एका प्रश्नासाठी ज्या माणसाने तुरुंग आणि परागंदा आयुष्य पत्करले, त्याची ओळख युरोपातल्याच एका पारितोषिकाच्या मापाने व्हावी, याचे मला फार वाईट वाटले. ते मनात ठेवण्यापेक्षा इथे मांडावे, म्हणून हा धागा काढत आहे.

नोकरीनिमित्त मी चार वर्षे नैरोबीत होतो. तिथून साधारण तीस किलोमीटरवर लिमुरू आहे. उंचावरचा, गार हवेचा, चहाच्या मळ्यांचा प्रदेश. कामिरिथू ही त्याला लागून असलेली वस्ती. माउ माउ या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावाच्या काळात, म्हणजे १९५२ नंतर, ब्रिटिश सरकारने गिकुयू या तिथल्या समाजाच्या शेतकऱ्यांना आपापल्या शेतांवरच्या घरांतून उठवून पहाऱ्याखालच्या खेड्यांत आणून ठेवले, त्यांपैकी हे एक. देश १९६३ मध्ये स्वतंत्र झाला, पण खेडे तसेच राहिले आणि त्यातली माणसे शेजारच्या मळ्यांवर आणि कारखान्यांत मजुरी करत राहिली. १९७६ मध्ये एके सकाळी या खेड्यातली एक बाई न्गुगींच्या घरी आली आणि म्हणाली, तुम्ही पुष्कळ शिकलेले आहात, पुस्तके लिहिता असे ऐकतो, तर त्यातले थोडे शिक्षण गावाला का देत नाही? न्गुगी तेव्हा नैरोबी विद्यापीठात साहित्य शिकवत होते. ती बाई पुन्हा पुन्हा येत राहिली. त्यातून प्रौढ साक्षरतेचे वर्ग निघाले आणि वर्गांमधून नाटक उभे राहिले.

नाटक गावाचे, तेव्हा ते गावाच्या भाषेत, गिकुयूतच होणार हे उघड होते. पण न्गुगींनी तोवर जे काही नाव मिळवले होते ते सगळे इंग्रजी लेखनावर. त्यांनी आणि न्गुगी वा मिरी यांनी मिळून संहिता लिहिली, तिचे नाव ‘न्गाहिका न्देंदा’, म्हणजे ‘मला वाटेल तेव्हा मी लग्न करीन’. तालमी उघड्यावर चालत. येणारा-जाणारा थांबून पाहत असे आणि चुकले ते सांगत असे. अमुक पात्र म्हातारे असून तरुणासारखे बोलते, असे वडीलधाऱ्यांनी दाखवून दिले. कारखान्यातल्या कामगारांनी आपल्या श्रमातून मालकाला किती मिळते आणि हातात किती पडते याचा हिशेब पुरवला. जुनी गाणी आणि त्यांचे ठेके म्हाताऱ्या बायांनी बसवले. सुमारे दोन हजार माणसे बसतील असे उघडे नाट्यगृह गावकऱ्यांनी स्वतः बांधले. २ ऑक्टोबर १९७७ रोजी प्रयोग सुरू झाले, १६ नोव्हेंबरला परवाना रद्द झाला आणि ३१ डिसेंबरच्या रात्री न्गुगींना घरातून नेण्यात आले. खटला चालवला गेला नाही. कामिती तुरुंगात ते सुमारे वर्षभर होते. तिथेच त्यांनी आपली पहिली गिकुयू कादंबरी लिहिली, तीही शौचाच्या कागदावर; कैद्यांना टोचावा म्हणून तो कागद खरखरीत ठेवला असेल, पण लिहायला तो चांगला होता, असे त्यांनी पुढे नोंदवून ठेवले आहे.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. त्याच १९७७ साली त्यांची एक मोठी इंग्रजी कादंबरी प्रकाशित झाली होती. स्वतंत्र केनियाच्या नव्या धनिकांवरची तिच्यातली टीका नाटकाइतकीच कडक होती. तिच्यासाठी मात्र त्यांना कोणी अटक केली नाही. राजवटीला टीका सहन होत होती. ज्यांच्याविषयी ती टीका होती त्यांनी ती ऐकणे, म्हणणे आणि दुरुस्त करणे सहन होत नव्हते. वसाहतीचे राज्य गेले तरी इंग्रजी हे राज्यकर्ते आणि रयत यांच्यामधले कुंपण म्हणून तसेच उभे राहिले होते आणि नाटकाने ते ओलांडले. १९८२ मध्ये सरकारने ते नाट्यगृह जमीनदोस्त केले. त्याच वर्षी पुढे न्गुगी परदेशात गेले, आणि नंतरची दोन दशके त्यांना मायदेशी परतता आले नाही.

न्गुगींच्या लहानपणी शाळेत गिकुयू बोलताना सापडलेल्या मुलाला छड्या बसत, किंवा ‘मी मूर्ख आहे’, ‘मी गाढव आहे’ असे लिहिलेली पत्र्याची पाटी गळ्यात घालून फिरावे लागे. गुन्हेगार शोधण्याची पद्धत अशी की सकाळी एका मुलाकडे एक बटण दिले जाई, आणि जो कोणी मातृभाषेत बोलताना आढळेल त्याच्या हाती त्याने ते सरकवायचे. दिवसअखेर ज्याच्याकडे बटण असेल त्याला विचारले जाई की तुला हे कोणी दिले, आणि अशी उलट साखळी लावून सगळी नावे काढली जात. मुले अशा रीतीने आपल्याच सवंगड्यांवर पाळत ठेवायला शिकत. न्गुगी ज्याला मनाची वसाहत म्हणतात तिचे मूळ त्यांनी या बटणात दाखवले आहे.

आता माझा प्रश्न. आफ्रिकेविषयी आपण मराठीत जे वाचतो, बोलतो, त्यातले कितीसे थेट तिथून आलेले असते? माझ्या शाळेच्या दिवसांत आफ्रिकेला ‘काळे खंड’ म्हणण्याची पद्धत होती. तो शब्द आपण घडवलेला नव्हता. लंडनहून आलेला माल आपण मराठी वेष्टणात बांधला होता. न्गुगींचा विचार आपल्या कामाचा आहे तो या ठिकाणी. जाणकारांनी लिहावे.

अक्षरयात्री

धागा आवडला. तरीही दुसरी बाजू तेवढ्याच आस्थेने मांडली जायला हवी, म्हणून लिहितो.

जून १९६२ मध्ये कंपालाच्या मकेरेरे महाविद्यालयात आफ्रिकी लेखकांची जी परिषद भरली, तिच्या नावातच ‘इंग्रजीत लिहिणारे’ अशी अट होती. नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे आणि वोले सोयिंका तिथे होते. विद्यार्थी असलेल्या न्गुगींना दोन छापील इंग्रजी कथांच्या बळावर प्रवेश मिळाला. स्वाहिलीतले सर्वांत मोठे कवी शाबान रॉबर्ट आणि योरुबा कादंबरीकार फागुन्वा यांना मात्र त्या अटीमुळे जागाच नव्हती. पुढच्या वर्षी नायजेरियाच्या ओबी वाली यांनी इंग्रजीत लिहिण्याच्या या रस्त्याचे पुढचे टोक बंद आहे असे लिहिले आणि मोठा वाद पेटला. इथवर मी न्गुगींच्या बाजूने आहे.

पण अचेबेंचे उत्तर सहज बाजूला सारण्याजोगे नाही. नायजेरियात पाचशेहून अधिक भाषा आहेत. एका इग्बो लेखकाला योरुबा आणि हौसा वाचकांशी बोलायचे असेल तर त्याच्यापुढे इंग्रजीच उरते, आणि मग तो त्या इंग्रजीला वाकवून, तिच्यात इग्बो म्हणी आणि इग्बो सभेची लय घालून ती आपलीशी करतो. याच इंग्रजीतून अचेबेंनी १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जोसेफ कॉनरॅड या इंग्रजी लेखकाच्या काँगोवरच्या कथेविषयी जे व्याख्यान दिले, त्याने इंग्रजी साहित्याचे अध्यापन बदलले. एका युरोपीय मनाच्या पडझडीसाठी अख्ख्या आफ्रिकेला नेपथ्य करणे आणि तिथल्या माणसांना बोलण्याची भाषाही नाकारणे हे वंशद्वेषाचे काम आहे, असे त्यांनी त्या कथेला मानणाऱ्या प्राध्यापकांसमोर सांगितले. ते इग्बोत सांगितले असते तर ज्यांनी ऐकायला हवे होते त्यांनी ऐकले नसते.

आणखी एक बारकावा आहे. अचेबेंना छापील इग्बोविषयीच तक्रार होती. विसाव्या शतकाच्या आरंभी आर्चडीकन डेनिस यांच्या पुढाकाराने बायबलसाठी निरनिराळ्या बोलींचे मिश्रण करून जी ‘युनियन इग्बो’ घडवली गेली, ती कोणाच्याच घरात बोलली जात नव्हती, आणि तिने लिहित्या इग्बोचा जीव घेतला असे ते मानत. म्हणजे जिला आपण मातृभाषा म्हणतो तिचे लिखित रूपही कधीकधी मिशनऱ्याच्या टेबलावर तयार झालेले असते. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश आणि कँडीने लावून दिलेली शालेय मराठीची शिस्त ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही.

सह्यसावली

अक्षरयात्री, युनियन इग्बोचा मुद्दा मला ठाऊक नव्हता, आणि तो माझ्या मांडणीला खरोखर अडचणीत आणतो. एवढेच म्हणेन की कामिरिथूत भाषा दुरुस्त करायला गाव बसले होते. छापील भाषा कृत्रिम असली तर तिच्यावरचा उपाय ती बोलणाऱ्यांच्या हाती देणे हा आहे. ती सोडून देण्याने ती सुधारणार नाही. न्गुगींनी स्वतःही निबंध आणि आठवणी पुढे इंग्रजीत लिहिल्या, हे मी लपवणार नाही. कादंबरी आणि नाटक मात्र त्यांनी आधी गिकुयूत लिहिले आणि मग स्वतःच इंग्रजीत आणले. भाषांतर कोणत्या दिशेने होते याला ते फार महत्त्व देत.

मुळाक्षर

चर्चा साहित्यावरच थांबू नये म्हणून घानाचे तत्त्वज्ञ क्वासी विरेडू यांच्याविषयी लिहितो. ते १९३१ साली जन्मले, ऑक्सफर्डला शिकले, लेगोनच्या घाना विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे शिकवले आणि २०२२ मध्ये वारले. त्यांचा आग्रह भाषेचाच होता, पण तो न्गुगींपेक्षा निराळा. ते म्हणत की इंग्रजीत लिहावे लागते तर लिहा, मात्र एखादा तात्त्विक प्रश्न हाती घेण्याआधी तो आपल्या भाषेत मांडून पाहा. तिथे तो प्रश्न उभाच राहिला नाही, तर तो माणसाचा प्रश्न होता की एका विशिष्ट भाषेचा, हे तपासा.

त्यांचे उदाहरण अकान भाषेचे आहे. ‘विधान वस्तुस्थितीशी जुळले तर ते सत्य’ हा सिद्धांत युरोपीय तत्त्वज्ञानात शेकडो वर्षे चर्चिला गेला. अकानमध्ये ‘हे सत्य आहे’ आणि ‘ही वस्तुस्थिती आहे’ या दोन्हींसाठी एकच प्रयोग आहे, ‘एते सा’, म्हणजे ‘ते तसे आहे’. मग तो सिद्धांत अकानमध्ये ‘ते तसे असेल तर ते तसे आहे’ असा होतो आणि त्यात सांगण्यासारखे काही राहत नाही. विरेडू यावरून सिद्धांत खोटा आहे असे म्हणत नाहीत. ते म्हणतात की त्याचा काही भाग इंग्रजीच्या शब्दसंपत्तीने निर्माण केला आहे, आणि आफ्रिकेतल्या विद्यार्थ्याने तो जगाचा प्रश्न म्हणून पाठ करण्याआधी एवढे पाहून घ्यावे.

दुसरे उदाहरण देकार्तच्या ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ या वाक्याचे. अकानमध्ये असणे म्हणजे कुठेतरी असणे. ‘वो हो’ या क्रियापदात ‘तिथे’ येतेच. त्यामुळे ते वाक्य ‘मी विचार करतो, म्हणून मी तिथे आहे’ असे होते, आणि देहाशिवाय, जागेशिवाय असणारा ‘मी’ सिद्ध करण्याचा सगळा खटाटोप अडखळतो. मी हे मराठीत करून पाहिले. आपले ‘आहे’ जागेवाचून उभे राहू शकते. दाराबाहेरून ‘कोण आहे?’ असे विचारले की ‘मी आहे’ एवढे उत्तर पुरते. म्हणून देकार्तचे वाक्य आपल्याला चटकन पटते. ते पटणे विचाराचे आहे की व्याकरणाचे, हे मी इतकी वर्षे तत्त्वज्ञान शिकवूनही स्वतःला कधी विचारले नव्हते. तो प्रश्न माझ्यापर्यंत घानातल्या कुमासीत जन्मलेल्या माणसामुळे पोचला, याचे ऋण मी मानतो.

कापूसपेठ

मुळाक्षर यांच्या प्रतिसादाला जोडून बेनिनच्या पोलँ हुंतोंजींचे नाव घ्यायलाच हवे. ते २०२४ मध्ये गेले. ‘आफ्रिकी विचार’ हा एकवचनी शब्द वापरताना आपण सावध का असावे, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. १९४५ मध्ये प्लासिद टेम्पेल्स या बेल्जियन मिशनऱ्याने काँगोतल्या लोकांच्या बोलण्या-चालण्यावरून ‘बांटू तत्त्वज्ञान’ मांडले. हेतू सहानुभूतीचा होता. आफ्रिकी माणसाला विचार असतो हे युरोपला पटवायचे होते. पण त्या मांडणीत कोणी एक माणूस विचार करत नाही, सगळी जमात नकळत एकच विचार बाळगते आणि तो शब्दांत मांडायला बाहेरचा पाद्री लागतो. हुंतोंजींनी यावर सडकून टीका केली. तत्त्वज्ञान म्हणजे नाव असलेल्या माणसांनी लिहिलेले, एकमेकांना खोडून काढणारे लेखन, असे त्यांचे म्हणणे होते. ‘आफ्रिकेत सगळे एकमताने जगतात’ ही कल्पना त्यांना तुच्छतेइतकीच अपमानकारक वाटत असे.

त्यांचा दुसरा विचार आमच्या वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ते म्हणत की वसाहतीत ज्ञानाचाही व्यवहार कच्च्या मालासारखा चालतो. माहिती आफ्रिकेत गोळा होते; सिद्धांत पॅरिस आणि लंडनला होतो; तयार झालेले पुस्तक पुन्हा आफ्रिकेत विकायला येते. संशोधकही मग तिकडच्या वाचकाला हवे ते प्रश्न निवडतो, कारण मान्यता तिकडून मिळायची असते. आमचा कापूस रुईच्या गाठी होऊन मुंबईच्या बंदरातून मँचेस्टरला जाई आणि धोतरजोडी होऊन परत येई, त्यातलीच ही गोष्ट, फक्त गाठींच्या जागी माणसांच्या चालीरीती, औषधी वनस्पती आणि म्हणी. राज्य गेल्यावर कापसाचे व्यवहार थोडे तरी बदलले. ज्ञानाचे त्याहून कमी बदलले.

माळरान

वरच्या सगळ्या प्रतिसादांबद्दल आदर ठेवून एक भीती व्यक्त करतो. आपल्या भाषेकडे, आपल्या मुळांकडे परत जाण्याची हाक सत्ताधाऱ्यांच्याही फार उपयोगी पडते. काँगोचा हुकूमशहा मोबुतू याने १९७१ मध्ये काँगोचे नाव झाईर केले, पुढच्या वर्षी लोकांना ख्रिस्ती नावे टाकून आफ्रिकी नावे घ्यायला लावले, कोट-टाय बंद करून ठराविक गळाबंद पोशाख सक्तीचा केला आणि या सगळ्याला ‘अस्सलपणा’ असे नाव दिले. त्याच वर्षांत देशाची तिजोरी त्याने आपल्या घराण्यासाठी रिकामी केली आणि पाश्चात्त्य सत्तांचा पाठिंबाही टिकवला. नाव आफ्रिकी, पोशाख आफ्रिकी आणि तांब्याचा पैसा युरोपातल्या बँकांत. अशा वेळी ‘वसाहतीपासून मुक्ती’ हा शब्द कोणाच्या तोंडी आहे, हे त्या शब्दापेक्षा महत्त्वाचे ठरते.

मराठीत नेमाड्यांच्या देशीवादावर गेली चाळीस वर्षे जो वाद चालला आहे, त्यातही हाच प्रश्न आहे. मुळे कोणाची, आणि ती मोजणारा कोण? जातीच्या उतरंडीत तळाशी ठेवलेल्या माणसाने ‘आपल्या परंपरेकडे’ परत का जावे? त्याला इंग्रजीने दार उघडले असेल तर ते दार वसाहतीचे आहे एवढ्यावरून तो ते लावून घेणार नाही.

सह्यसावली

माळरान, ही भीती न्गुगींनाही होती, आणि मला वाटते त्यांचे उत्तर त्यांच्या आयुष्यातच आहे. त्यांना तुरुंगात टाकणारे सरकार ब्रिटिश नव्हते. स्वातंत्र्याचा नायक असलेल्या, स्वतः गिकुयू असलेल्या केन्याटांचे होते. ‘आपला माणूस’ आणि ‘आपली भाषा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कामिरिथूने दाखवले. मोबुतूचा अस्सलपणा हुकुमाने खाली आला. कामिरिथूत मजुराने लेखकाला सांगितले की हे वाक्य चुकले आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे पुरे उत्तर नाही, आणि ते घाईने देऊ नये असे मला वाटते.

आपण भारतीय या चित्रात कुठे उभे आहोत, हेही बोलले पाहिजे. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले, तेव्हा एका बेपत्ता मुलाला त्या विद्यार्थ्यांनी खाल्ले अशी अफवा आधी पसरली होती. शिकलेल्या वस्तीत, एकविसाव्या शतकात, नरभक्षणाची अफवा. अचेबेंनी ज्या कथेवर बोट ठेवले तिच्यातले चित्र इथवर आले होते, आणि ते आणणाऱ्यांनी ती कथा वाचलेलीही नव्हती. दुसऱ्या बाजूने, जून २०१६ मध्ये घाना विद्यापीठाच्या आवारात बसवलेला गांधीजींचा पुतळा तिथल्या प्राध्यापकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या विरोधामुळे डिसेंबर २०१८ मध्ये हलवावा लागला. दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या वर्षांत गांधीजींनी तिथल्या मूळ रहिवाशांविषयी जे तुच्छतेने लिहिले, ते विरोध करणाऱ्यांनी पुढे ठेवले. ते लेखन खरेच आहे, आणि गांधीजी नंतर बदलले हेही खरे आहे. पण आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया दुखावल्याची होती. ते काय म्हणतात हे ऐकण्याची नव्हती. पूर्व आफ्रिकेत गोरा वर, भारतीय मध्ये आणि आफ्रिकी खाली, अशी उतरंड ब्रिटिशांनी लावली, आणि मधली पायरी आपल्या लोकांनी बहुतेक ठिकाणी तक्रार न करता स्वीकारली. नैरोबीत मला भेटलेल्या वृद्ध केनियन शेजाऱ्यांच्या आठवणीतला भारतीय माणूस दुकानाच्या फळीमागे उभा असे, आणि त्या फळीअलीकडे त्यांना बोलावले जात नसे.

मांडवीतीर

मधल्या पायरीविषयी सह्यसावली यांनी लिहिले ते आम्हा गोंयकारांना लागू आहेच. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेच्या कचेऱ्यांमध्ये कितीतरी कारकून गोव्याचे होते, आणि पोर्तुगीज मोझांबिकच्या कारभारातही. पण त्याच समाजातून पायरी नाकारणारे दोघे निघाले, त्यांची नावे या धाग्यावर असावीत.

पिओ गामा पिंटो १९२७ मध्ये नैरोबीत जन्मले, भारतात शिकले, गोवामुक्तीच्या चळवळीत वावरले आणि केनियात परतून कामगार संघटना व माउ माउच्या लढ्यात उतरले. ब्रिटिशांनी त्यांना काही वर्षे स्थानबद्ध केले. स्वातंत्र्यानंतर ते खासदार झाले, आणि भूमिहीनांना जमीन मिळाली नाही हे उघड बोलत राहिले. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत, घराच्या फाटकापाशी, त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. स्वतंत्र केनियातली ती पहिली राजकीय हत्या मानली जाते.

दुसरे आकिनो दे ब्रागांसा. १९२४ साली गोव्यात जन्मलेले हे पत्रकार पोर्तुगीज वसाहतींच्या मुक्तिसंघटनांनी एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांका इथे जी संयुक्त परिषद स्थापली, तिच्या कामात होते. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला. अंगोला, मोझांबिक आणि गिनी-बिसाऊ यांना आणखी तेरा-चौदा वर्षे लढावे लागले. मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर त्यांनी मापुतोच्या विद्यापीठात आफ्रिकी अभ्यासाचे केंद्र उभारले. १९ ऑक्टोबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात ते गेले. गोव्याची मुक्ती आणि आफ्रिकेची मुक्ती हा या माणसासाठी एकच लढा होता. आमच्या शालेय पुस्तकांत मला हे नाव कधी भेटले नाही.

भाषेचे म्हणाल तर गिनी-बिसाऊच्या लढ्याचे नेते अमिलकार काब्राल पोर्तुगीज भाषेला उपयोगाचे साधन मानत आणि ती टाकू नये असे म्हणत. मोझांबिकनेही तीच राजभाषा ठेवली. आमच्याकडे पोर्तुगीज एका पिढीत ओसरली आणि मग कोकणी-मराठीचा वाद १९८७ च्या राजभाषा कायद्यापर्यंत चालला. वसाहत एकच होती, पण भाषेचे पुढे काय झाले ते दोन किनाऱ्यांवर इतके वेगळे.

नकाशेवाला

थोडेच लिहितो. भिंतीवरच्या नेहमीच्या मर्केटर नकाशात ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळजवळ सारखे दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर, ग्रीनलंड सुमारे २२ लाख. म्हणजे चौदापट फरक. मर्केटरने १५६९ मध्ये तो नकाशा खलाशांना दिशा धरून जाता यावे म्हणून केला होता, त्यात त्याचा दोष नाही. तो वर्गात टांगण्याचा निर्णय नंतरच्या लोकांचा आहे. २०२५ मध्ये आफ्रिकी संघाने क्षेत्रफळ खरे दाखवणारे नकाशे वापरावेत या मोहिमेला पाठिंबा दिला. शाळेसाठी नवा नकाशा घेणार असाल तर विकत घेण्याआधी एवढे पाहा.

सागरवाट

मी टांझानियात, दार एस सलामला नऊ वर्षे राहिले आणि स्वाहिली शिकले, म्हणून मूळ प्रश्नाकडे, म्हणजे आफ्रिका आपल्याकडे कोणत्या वाटेने येते याकडे, वळते.

इंग्रजीच्या कितीतरी आधीपासून एक वाट होती. स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, पैशाला ‘पेसा’, विम्याला ‘बिमा’, हिशेबाला ‘हेसाबू’, खबरीला ‘हबारी’, सरकारला ‘सेरिकाली’ म्हणतात. तिथले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी १९६७ मध्ये ज्या ‘उजामा’वर, म्हणजे कुटुंबासारख्या सहकारावर, देश उभा करायचे ठरवले, त्यातला ‘जामा’ आणि आपली ‘जमात’ एकाच अरबी शब्दाच्या लेकी आहेत. मोसमी वाऱ्यावर येणाऱ्या गलबतांनी हे शब्द आणले. त्यांतले अरबी-फारसी शब्द आपल्याकडे आले ते कोकणच्या बंदरांतून आणि फारसीतून. तिकडे गेले ते झांजिबार आणि मोंबासात.

न्गुगींची ‘इतुइका रिआ मुरुन्गारु’ ही छोटी बोधकथा २०१६ पासून शंभराहून अधिक भाषांत गेली आणि तिच्या प्रसारामागचा हेतूच भाषांनी एकमेकींशी थेट बोलावे हा होता. तसे काम मी एका गोष्टीपुरते स्वाहिलीतून थेट मराठीत करू पाहत आहे, आणि त्यात एक गोष्ट ध्यानात आली ती इथे ठेवते. स्वाहिलीत ‘तो’ आणि ‘ती’ असा भेद नाही. दोघांनाही ‘येये’, आणि ‘अनासोमा’ म्हणजे वाचतो किंवा वाचते, काहीही. इंग्रजीतून मराठीत आलेल्या भाषांतरात हे माणूस पुरुष की स्त्री ते इंग्रजी अनुवादकाने आधीच ठरवलेले असते, कारण इंग्रजीला सर्वनाम टाळता येत नाही. मलाही भीती होती की मराठीत क्रियापदच लिंग उघड करील. पण ‘अनासोमा’ला ‘वाचत आहे’ म्हटले की ते झाकलेले राहते. ‘अतासोमा’ला ‘वाचेल’ म्हटले तरी राहते. ‘म्वालिमू अताकुजा’ला ‘शिक्षक येतील’ म्हटले की आदरही येतो आणि येणारी बाई की बुवा हे क्रियापद सांगत नाही. ‘म्तोतो’ला तर आपल्याकडे नपुंसकलिंगी ‘मूल’ हा नेमका शब्द आहे. अडते ते भूतकाळात. ‘अलिकुजा’ला ‘आला’ किंवा ‘आली’ यांतले एक लिहावेच लागते, आणि माझ्या हातातल्या गोष्टीत ते माणूस कोण हे शेवटच्या परिच्छेदापर्यंत मुद्दाम सांगितलेले नाही. सध्या मी ती सगळी वर्तमानकाळात आणून पाहत आहे. ‘येऊन उभे राहिले’ असा आदरार्थी अनेकवचनाचा आडोसा घ्यावा तर आपल्याकडे ‘उभे राहिले’ आणि ‘उभ्या राहिल्या’ पुन्हा वेगळे पडतात. जुन्या मराठीत किंवा कोणाच्या बोलीत यासाठी काही प्रयोग असेल तर कृपया इथे लिहावा. पहिली चार पाने तयार आहेत आणि ती मी उद्या याच धाग्यावर चढवते.